पडदावेल : ब्रह्मदेशातून मनोरीच्या कुंपणावर

मार्वेची फेरी उतरून मनोरीत शिरलात की बंगल्यांच्या गच्चीवरून हिरव्या झिपऱ्या लोंबताना दिसतात. ती पडदावेल. नर्सरीवाला तिला ‘कर्टन क्रीपर’ नाहीतर नुसतं ‘व्हर्नोनिया’ म्हणतो. बाजारात हिला किलोचा भाव नाही म्हणून आपण शेतकरी तिच्याकडे बघत नाही. पण रोपं-कलमं करून विकणाऱ्यांनी हिचा इतिहास माहीत करून घ्यावा असं मला वाटतं, कारण त्याचा थेट संबंध आपल्या बांधाशी आहे.

आधी कूळ. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांचंच हे कूळ. त्यात वर्षानुवर्षं टिकणाऱ्या वेली फार थोड्या. पडदावेलीचं फूल जवळून बघा, फिकट गुलाबी-पांढऱ्या बारीक फुलांचा गुच्छ असतो, आपल्या सहदेवीच्या फुलाशी नातं लगेच कळतं. सहदेवीही पूर्वी व्हर्नोनियातच होती.

पडदावेल मूळची ब्रह्मदेश-थायलंडकडची. आपल्या कोकणाला ब्रह्मदेश म्हटलं की रत्नागिरीचा थिबा राजा आठवतो, पण झाडांची ये-जा त्याच्याही आधीची आहे. १८२६ साली यांदाबोचा तह होऊन पहिलं ब्रह्मी युद्ध थांबलं आणि कलकत्त्याच्या कंपनी बागेचे प्रमुख नॅथॅनियल वॉलिच इंग्रज वकिलातीबरोबर आवा दरबारी गेले. त्या काळात तिकडच्या झाडांचे नमुने गठ्ठ्यांनी कलकत्त्याला आले आणि पुढे युरोपात गेले. १८३४ मध्ये जिनिव्हाच्या द कॅन्डोल यांनी हिला व्हर्नोनिया एलिप्टिका म्हटलं. दोनच वर्षांनी त्यांच्याच ग्रंथात व्हर्नोनिया एलिआग्निफोलिया हे दुसरं नाव आलं. एकच वेल, नावं दोन! नर्सरीच्या पाटीवर अजून हे दुसरंच असतं. २००८ साली तिला व्हर्नोनियातून काढून टार्लमौनिया ही स्वतंत्र प्रजाती केली.

लागवड सोपी आहे. पावसाच्या तोंडाला पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचे वीतभर तुकडे लावायचे, किंवा जमिनीला टेकलेली फांदी मातीत दाबून ठेवायची. या वेलीला ताणे नाहीत, काटे नाहीत, भिंतीला धरणारी मुळंही नाहीत. म्हणून ती भिंत फोडत नाही, पण आपण होऊन चढतही नाही. गच्चीवर लावून खाली सोडायची, नाहीतर तारेवर टाकायची. पानाच्या खालच्या बाजूला रुपेरी लव असते. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्यातही ती तग धरते, मात्र मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ झालं की टोकं करपतात. हिवाळा सरताना फुलते, मधमाश्या येतात. फूल सरलं की छाटणी करायचीच, नाहीतर आत वाळक्या काड्यांचा ढीग होतो आणि वरच्या वजनाने तार वाकते.

आता मुद्द्याचं. याच कुळातली दुसरी वेल म्हणजे मायकेनिया मायक्रान्था, मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेची. इंग्रजीत तिला ‘माइल-अ-मिनिट’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात आसामकडच्या विमानतळांवर आडोसा म्हणून ती लावली, असं सांगितलं जातं. इंडोनेशियातली नोंद पक्की आहे. १९४९ मध्ये पॅराग्वेहून बोगोरच्या वनस्पती उद्यानात आणली आणि १९५६ पासून रबराच्या मळ्यांत जमीन झाकायला लावली. म्हणजे जाणत्या लोकांनी, चांगल्या हेतूने, पीक म्हणून! एका झाडाला वर्षाला ४० हजारांपर्यंत बी येतं, ते वाऱ्यावर उडतं, शिवाय खोडाचा तुकडा पडला तरी रुजतो. आसामच्या चहाला आणि केरळच्या केळी, अननस, सागाला तिने अक्षरशः गुंडाळून टाकलं. त्रिनिदादहून आणलेली तांबेऱ्याची बुरशी २००५ मध्ये आसामात आणि २००६ मध्ये केरळात सोडून पाहिली, पण ती इथे टिकली नाही.

पडदावेलही अगदीच साधी नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ती बागेबाहेर पडलेली आहे. माझ्या वाडीत तिचं बियाचं रोप मी अजून पाहिलेलं नाही, पण छाटलेल्या फांद्या ओढ्याकाठी टाकत नाही. वाळवून जाळतो.

हल्ली भिंती हिरव्या करायची हौस वाढली आहे आणि लोक फोनवर फोटो बघून ‘लवकर वाढणारा वेल’ मागवतात. तेव्हा नावावर जाऊ नका, पान बघा. पडदावेलीची पानं एकाआड एक, लांबट-गोल, कडा साधारण सपाट, खालून रुपेरी. मायकेनियाची समोरासमोर जोडीने, हृदयाच्या आकाराची, टोकदार, कडेला दाते, आणि फुलं पांढरट. कलमाच्या पिशवीत पानांची अशी जोडी दिसली, तर फुकट मिळालं तरी फेरीत चढवून इकडे आणू नका.