उंदीर दिसला, पिसू दिसली नाही

नाशिकजवळच्या भगूरमध्ये १८९९ साली वि. दा. सावरकरांचे वडील दामोदरपंत प्लेगने गेले. त्या पिढीला 'उंदीर पडले' एवढे दोन शब्द पुरत. माणसे घराला कुलूप लावून रानात झोपड्या बांधायला निघत. उंदरांची ही खूण नोंदली गेली, ती मात्र त्याच्या दोनशे ऐंशी वर्षे आधी.

जहांगीर बादशहाच्या फारसी आठवणींत १६१६ ची पंजाबातली साथ आहे. कारण विचारले तेव्हा कोणी हकीम म्हणाले, दोन वर्षे पाऊस कमी झाला. कोणी म्हणाले, हवा बिघडली. १६१९ च्या आरंभी आग्र्यात साथ असताना बादशहा फतेहपुरात थांबला. तिथे दिवंगत सरदार आसफखानाच्या मुलीने त्याला आपल्या घरातली हकिगत सांगितली. अंगणात एक उंदीर झिंगल्यासारखा पडत-उठत होता. तो मांजरापुढे टाकला. मांजराने तोंडात धरून लगेच सोडला आणि ते आजारी पडले. त्याला तिर्याक (विषावरचा उतारा) पाजला, ते जगले. मग एका दासीला गाठ आली आणि आठ-नऊ दिवसांत त्या घरातली सतरा माणसे गेली. साक्ष ऐकीव खरी, पण सांगणारी त्या घरातली आणि क्रम अचूक: आधी उंदीर, मग माणूस. साथ थंडीत भडकते आणि उन्हाळा लागला की ओसरते, हेही बादशहाने टिपले आहे. मला ही नोंद हकिमांच्या दोन्ही निदानांपेक्षा मोलाची वाटते.

दख्खनची साक्ष इतिहासकार खाफीखानाची. विजापुरात औरंगजेबाच्या छावणीत १६८८-८९ मध्ये ताऊन, म्हणजे प्लेग, पसरला. काखेत, कानामागे, जांघेत गाठी आणि लाल डोळे ही लक्षणे तो देतो. साथ सात-आठ वर्षे टिकली आणि बेवारस मेलेल्या हजारोंना मूठमातीही मिळाली नाही, असे तो लिहितो. त्याने ग्रंथ अनेक दशकांनी पुरा केला, म्हणून आकडा जपून घ्यावा. लक्षणांवर मात्र शंका घेण्याचे कारण नाही. औरंगजेबाची बेगम औरंगाबादी महल याच साथीत वारली.

हवा बिघडली असे मानूनही लोक घर सोडत. कारण चुकीचे, उपाय बरोबर: उंदरांपासून दूर गेलेला माणूस त्यांच्या पिसवांपासूनही दूर जात होता. उंदराचा प्लेग माणसापर्यंत नेणारी ती पिसू पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिली १८९८ साली. त्याचे म्हणणे सर्वमान्य व्हायला पुढे सुमारे दशक गेले. दामोदरपंत गेले ते त्या शोधानंतरच्याच वर्षी.