हे तुला कोणी सांगितलं?

अकोल्यात बसून मी इतिहासाचा एक ऑनलाइन वर्ग घेतो. गेल्या सत्रात रिद्धपूरवर निबंध लिहायला सांगितला. सहा जणांच्या निबंधांत एकच परिच्छेद निघाला, तोही चुकीच्या सनासकट! सगळ्यांना शून्य द्यायचं ठरवलं होतं. मग वाटलं, यावरचा इलाज रिद्धपूरनेच सांगून ठेवला आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या याच गावी तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा लिहिल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं, त्यांना हिंडून विचारलं आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं. पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असं महानुभाव परंपरा सांगते. मुसलमान म्हणून मला हे वाक्य गाळता येणार नाही. गाळणं हीसुद्धा लबाडीच. शिष्यांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला आणि आठवणी जुळल्या नाहीत तिथे कोणाचा पाठ कोणता, हे नावानिशी नोंदवलं.

हदीस वाचणाऱ्याला ही रीत ओळखीची वाटेल. इमाम बुखारी (810–870) हदीसच्या आधी इस्नाद देतात, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं त्याची साखळी. उस्तादही शिष्याकडून किताब वाचून घेऊन मगच ती शिकवण्याची इजाजत देत. तरी चोऱ्या होतच. कैरोच्या जलालुद्दीन सुयूतींना (1445–1505) लेखक आणि चोर यांतला फरक सांगणारी वेगळी पुस्तिकाच लिहावी लागली.

यूजीसीच्या 2018 च्या नियमांत प्रबंधातलं साम्य टक्क्यांत मोजतात. 10 पर्यंत माफ, 60 च्या वर नोंदणी रद्द. नियम हवाच. पण यंत्र शब्द जुळवतं, पोराला समजलं का हे विचारत नाही.

म्हणून शून्य न देता मी निबंध पुन्हा लिहायला लावले. विषय आपापल्या गावातली एक जुनी वास्तू. आधी कच्चा मसुदा, प्रत्येक माहितीपुढे ती कुठून मिळाली ते, आणि शेवटी पाच मिनिटं व्हिडिओ कॉलवर तोंडी प्रश्न.

त्या सहांपैकी अचलपूरच्या एका मुलीने हौज कटोऱ्यावर लिहिलं. मधेच एक ओळ होती : हे नानीने सांगितलं, पण मामू वेगळं सांगतात.

तिला मी पूर्ण गुण दिले.