होळकरी दफ्तर: रुमालापासून स्कॅनपर्यंत

अठराव्या शतकात होळकरांचा कारभार मराठीत आणि मोडी लिपीत चालत असे. मल्हारराव होळकरांना पेशव्यांकडून माळव्याचे परगणे मिळाले, तेव्हा परगण्यांबरोबर पुण्याची लिहिण्याची रीतही नर्मदेपलीकडे गेली. सरदाराच्या फौजेइतकाच त्याचा फड महत्त्वाचा होता. फडणीस हिशेब तपासत असे, चिटणीस पत्रे लिहीत असे, पोतनीस रोकड सांभाळत असे आणि दफ्तरदाराकडे जुने कागद असत. यांतले काही दरखदार पेशवे स्वतः नेमत. त्यामुळे सरदाराच्या घरातला हिशेब पुण्याच्या हुजुराला कळत राही.

रोजचा जमाखर्च रोजकीर्दीत उतरे आणि तिच्यावरून खतावणी होई. वर्षाअखेरीस ताळेबंद बने. पत्राचा मसुदा किंवा नक्कल ठेवून अस्सल रवाना करत. आलेल्या पत्रावर ते कोणत्या दिवशी पावले याची ‘पैवस्ती’ची नोंद कारकून करी. कागद जुन्नरी, दौलताबादी किंवा अहमदाबादी असे आणि लेखणी बोरूची. लांब सनदेसाठी कागदाच्या पट्ट्या एकाखाली एक चिकटवत. मागून कोणी पट्टी बदलू नये म्हणून सांध्यावर शिक्का मारत. मजकूर संपला की ‘मोर्तब सूद’ किंवा ‘लेखनसीमा’ हा शिक्का उठे, म्हणजे त्याखाली कोणाला ओळ वाढवता येत नसे. साल व खाते पाहून कागदांच्या घड्या एकत्र ठेवत आणि चौकोनी कापडात, म्हणजे रुमालात, बांधत. रुमालावर आत काय आहे ते लिहिलेले असे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आजही मोजणी रुमालांतच होते. या पद्धतीत साठवणीइतकाच विचार शोधण्याचा होता. कोणत्या परगण्याचा, कोणत्या सालाचा, कोणत्या खात्याचा कागद हवा हे सांगितले की दफ्तरदाराचा हात नेमक्या रुमालाकडे जाई.

अहिल्याबाईंच्या काळात, १७६७ ते १७९५, राज्याचे मुख्य ठाणे महेश्वर होते, तर इंदूर वाढती बाजारपेठ होती. पुण्याचे बातमीदार महेश्वराहून नाना फडणीसांना दरबारची हकीकत नियमित कळवत. कोण आले, कोणाला काय दिले, बाई काय बोलल्या, फौज कुठे आहे, असे सगळे त्या पत्रांत येई. ही पत्रे पुढे द. ब. पारसनीसांनी ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ या नावाने छापली. अहिल्याबाईंच्या कारभाराबद्दल आज जे बारकाव्याने सांगता येते, त्यातले बरेच या पुण्याकडे गेलेल्या कागदांवर उभे आहे.

कागद होळकरांच्या वाड्याबाहेरही टिकले, हीच होळकरी कागदांच्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. ऑक्टोबर १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने सर्जेराव घाटग्याच्या हुकमतीखाली इंदूर लुटले आणि राजवाडा जाळला. १८३४ मध्ये त्याच वाड्याला पुन्हा आग लागली. खालचे मजले दगडी आणि वरचे लाकडी, अशा सात मजली इमारतीत आग वर चढायला वेळ लागत नाही. १९८४ च्या दंगलीत तो तिसऱ्यांदा जळाला. एका ठिकाणी असलेला कागद अशा तीन आगींतून सुरक्षित निघेल, हा भरवसा कोणीच देऊ शकत नाही. तरीही होळकरशाहीचा इतिहास लिहिता आला, कारण तिचे कागद एका छताखाली नव्हते. मल्हाररावांनी लिहिलेले पत्र ज्याला लिहिले त्याच्या घरी राहिले. हुजुराला दिलेला हिशेब पुण्यात राहिला. होळकरांचे दिवाण गंगोबातात्या चंद्रचूड यांच्या घराण्यातले कागद घराण्यानेच जपले, आणि भारत इतिहास संशोधक मंडळाने १९२० मध्ये ‘चंद्रचूड दफ्तर’ म्हणून ते प्रसिद्ध केले. कोट्याला मराठ्यांचे वकील असलेल्या गुळगुळे घराण्याचे दफ्तर राजस्थानात टिकले. सीतामऊचे महाराजकुमार रघुबीरसिंह यांनी त्याच्या नकला करवून आपल्या ग्रंथालयात आणल्या. मंदसोर जिल्ह्यातल्या त्या छोट्या गावी नटनागर शोध संस्थान आजही आहे, आणि माळव्यातल्या मराठ्यांवर काम करणाऱ्याला तिथे जावेच लागते.

महिदपूरच्या लढाईनंतर ६ जानेवारी १८१८ रोजी इंग्रजांशी मंदसोरचा तह झाला. त्याच वर्षी होळकरांची राजधानी महेश्वराहून इंदूरला आली आणि दिवाण तात्या जोग यांच्या हाताखाली कारभार नव्याने बसवला गेला. सर जॉन माल्कम याच सुमारास महूच्या छावणीत राहून मध्य भारताची माहिती गोळा करत होता. त्याचा दोन खंडांचा ग्रंथ १८२३ मध्ये निघाला. दरबारी कारकून आणि जमीनदार यांच्याकडून मिळालेले कागद आणि ऐकीव हकीकती यांवर तो आधारला आहे. पुढे रेसिडेन्सीची इंग्रजी फाईल आणि दरबारचा मोडी रुमाल शंभर वर्षे एकाच शहरात शेजारी शेजारी वाढत गेले. विसाव्या शतकात इंदूरच्या सरकारी लिखाणात हिंदी आणि इंग्रजीचे प्रमाण वाढत गेले, तर मोडी जुन्या कारकुनांपुरती उरली. मराठी वाचकांसाठी या कागदांचे दार उघडे ठेवण्याचे काम वा. वा. ठाकूर यांच्यासारख्या अभ्यासकांनी केले. ‘होळकरशाहीच्या इतिहासाची साधने’ ही त्यांनी संपादित केलेली कागदांची मालिका इंदूरहूनच प्रसिद्ध झाली.

संस्थान विलीन झाले तेव्हा जुन्या कागदांना नवी किंमत आली. एप्रिल १९४८ मध्ये मध्य भारत संघाचा करार झाला. त्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे. १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाल्यावर कारभार भोपाळला गेला. या दोन स्थित्यंतरांत कोणते कागद राज्याचे आणि कोणते घराण्याचे हा प्रश्न राहून राहून वर आला. होळकरांची खासगी हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीचे उत्पन्न लावून दिले. पुढे अहिल्याबाईंनी त्यातून भारतभर मंदिरे, घाट आणि धर्मशाळा बांधल्या. विलीनीकरणाच्या वेळी ही मालमत्ता आणि तिचे उत्पन्न राज्याकडे गेले. बदल्यात धर्मादायासाठी सरकारने वर्षाला २,९१,९५२ रुपये कायम देण्याचे ठरले. १९६२ मध्ये त्यासाठी विश्वस्त संस्था झाली. हरिद्वारच्या कुशावर्त घाटासारख्या मालमत्तांचे व्यवहार वादात सापडले, तेव्हा २४६ मालमत्तांचा प्रश्न इंदूरच्या खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने ही सार्वजनिक विश्वस्त संस्था असल्याचे ठरवले. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद करारातल्या शब्दांवर आणि विश्वस्तपत्राच्या कलमांवर चालला होता. दोनशे वर्षांपूर्वीच्या दानाचे भवितव्य नीट जपलेल्या थोड्या पानांवर ठरले.

इंदूरमधल्या अनेक मराठी घरांत असे कागद लहान प्रमाणात आहेत. इनामाची सनद, माफीच्या जमिनीचा पट्टा, घरखरेदीचे खत, नेमणुकीचा हुकूम, सावकाराची पावती हे सगळे पत्र्याच्या ट्रंकेत किंवा देवघराच्या कोनाड्यात रुमालात बांधून ठेवलेले असते. घरातल्यांना मोडी येत नाही, म्हणून तो गठ्ठा वर्षानुवर्षे उघडत नाही. कसर आणि वाळवी त्याचाच फायदा घेतात. घरच्या कामाचे टेबल कागदाविना ठेवण्याच्या आजच्या काळात हे कागद स्कॅन करून मूळ टाकून द्यावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. मोडी दफ्तराच्या बाबतीत मात्र तसे करणे घातक आहे.

मोडी पत्राची एकच बाजू टिपली तर अर्धा पुरावा जातो. पैवस्तीची नोंद, पत्ता, कारकुनाचा शेरा हे बरेचदा पाठीवर असतात. सांध्यावरचा शिक्काही पाठीवर असतो. घड्या उलगडताना कागद कोरडा असेल तर तो तुटतो, म्हणून आधी त्याला हवेतला दमटपणा हळूहळू शोषू द्यावा लागतो. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन दोन्ही टाळावी लागतात. चिकटपट्टीचा डिंक कागदाला पिवळा करतो आणि लॅमिनेट केलेला कागद पुन्हा मूळ रूपात येत नाही. टिपण्याची क्षमता इंचाला किमान ३०० बिंदू ठेवतात आणि बारीक अक्षरासाठी ती वाढवतात. रंगीत प्रतच घेतात, कारण शाईची छटा आणि शिक्क्याचा ठसा काळ्या-पांढऱ्या प्रतीत हरवतो. जपण्याची प्रत टिफ किंवा पीडीएफ-ए या स्वरूपात राहते आणि रोज वापरायची प्रत वेगळी काढतात. पीडीएफ-ए हे दीर्घकाळ जपणुकीसाठी २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरलेले स्वरूप आहे. प्रत एकाच संगणकावर ठेवली तर राजवाड्याच्या आगीचाच धोका पुन्हा उभा राहतो. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी, हा नियम संगणकाच्या काळात ठरला. होळकरी कागद मात्र पुणे, कोटा, सीतामऊ आणि चंद्रचूडांचे घर यांमध्ये विखुरले म्हणून आपोआप तसेच टिकले.

खरी अडचण फाईलच्या नावाची आहे. मोडी पत्रावर साल इंग्रजी नसते. ते सुहूर सनात आणि अरबी संख्याशब्दांत लिहिलेले असते, महिना हिजरी आणि तारीख चंद्राची. ‘सबा सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६७. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७६६-६७ येतो. हे साल जूनमध्ये मृग नक्षत्राला सुरू होते, त्यामुळे एकाच सालातली डिसेंबरपर्यंतची आणि जानेवारीपासूनची पत्रे वेगळ्या इसवी सनांत पडतात. अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव याची छोटी कारकीर्द जवळजवळ सगळी या एकाच सुहूर सालात बसते. हे रूपांतर न करता फाईलला ‘जुने पत्र १’, ‘जुने पत्र २’ अशी नावे दिली, तर हजार चित्रे जमतील आणि एकही सापडणार नाही. जुना दफ्तरदार रुमालावर साल आणि परगणा लिहीत असे. तीच माहिती फाईलच्या नावात आणि सूचीत यायला हवी. संगणकाला मोडी वाचायला शिकवण्याचे प्रयत्न विद्यापीठांत चालू आहेत, पण शब्दांमध्ये जागा न सोडता वाहणारी ही लिपी आणि तिचे संक्षेप यांमुळे ते काम अजून माणसाच्या डोळ्यावरच अवलंबून आहे. म्हणून इंदूर, पुणे आणि मुंबईत चालणारे मोडी वर्ग आज या सगळ्या साखळीतला सर्वांत गरजेचा दुवा आहेत.

मूळ कागद ठेवण्याचे दुसरे कारण सत्यतेचे आहे. इंदूरचे चौधरी राव नंदलाल मंडलोई यांच्या घराण्याकडील काही पत्रे मराठ्यांच्या माळवा-प्रवेशाच्या इतिहासात गाजली, पण त्यांच्या अस्सलपणाबद्दल नंतरच्या इतिहासकारांनी शंका घेतल्या. अशा वादात कागदाचा घाट, शाई, शिक्का आणि अक्षराचे वळण पाहावे लागते. चित्रावरून मजकूर तपासता येतो, कागदाचे वय तपासता येत नाही.

कायद्याचेही यात म्हणणे आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिली. २०१५ मध्ये डिजिलॉकर सुरू झाले. भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार, जो १ जुलै २०२४ पासून लागू आहे, इलेक्ट्रॉनिक नोंद ठरलेल्या प्रमाणपत्रासह न्यायालयात मांडता येते. मध्य प्रदेशात मालमत्तेची नवी रजिस्ट्री ‘संपदा’ प्रणालीवर होते आणि तिची डिजिटल प्रत घरबसल्या मिळते. पण जुन्या रजिस्ट्रीचा घरी काढलेला स्कॅन ही केवळ प्रत आहे. मृत्युपत्र आणि विश्वस्तपत्र यांना तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम लागूच होत नाही. ती आजही कागदावर, सहीने आणि मृत्युपत्राच्या बाबतीत किमान दोन साक्षीदारांसमोरच करावी लागतात.