ठाण्याचा तुरुंग आणि जगाचा कायदा



नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला तुमच्यापैकी कित्येक जण येऊन गेले असतील. तिथून थोडे चालत गेले की जुन्या किल्ल्यातला ठाण्याचा तुरुंग लागतो. २ मे १८४८ रोजी याच तुरुंगात राघोजी भांगरे यांना फाशी झाली. ते अकोले तालुक्यातल्या देवगावचे महादेव कोळी. सावकार आणि सावकाराची पाठ राखणारे इंग्रज सरकार, या दोघांविरुद्ध त्यांनी डोंगरात बंड उभारले होते.

आदिवासींचे गाऱ्हाणे ऐकील असा कायदा तेव्हा जगाच्या पाठीवर नव्हता. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, ९ डिसेंबर १९४८ ला, संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहाराविरुद्धचा करार मंजूर केला. दुसऱ्याच दिवशी मानवी हक्कांचा जाहीरनामा केला. एखाद्या वंशाचा समूळ वा अंशतः नाश करावा या हेतूने माणसे मारणे, त्यांना जगणे अशक्य करणे, त्यांची मुले हिरावून नेणे, हा त्या करारान्वये गुन्हा आहे. १९५९ साली भारतानेही तो स्वीकारला.

मग आमच्या ठाणे जिल्ह्यात घडले तो वंशसंहार का, असे एखादे गुरुजी विचारतील. कायद्याने तसे म्हणता यायचे नाही. तिथे नाशाचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. पण अन्याय थोडा होता असे नव्हे. जमीन सावकाराच्या घशात गेली, रान सरकारजमा झाले. लग्नापायी काढलेल्या कर्जात नवरा-बायको जमीनदाराकडे राबत राहत. त्यांना ‘लग्नगडी’च म्हणत. १९४५ साली तलासरी-डहाणूकडच्या वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर उभे राहून वेठ नाकारली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्यास गोळीबार झाला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण त्यात गेले.

२००७ साली संयुक्त राष्ट्रांनी आदिवासींच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. त्याआधीच, २००६ साली, आपल्याकडे वनहक्क कायदा झाला होता. कसत असलेल्या वनजमिनीचा दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो, तो याच कायद्याने.

म्हणून मंडळी, ग्रामसभा चुकवू नका. आणि गुरुजी, ज्याला वाचता येत नाही त्याला दाव्याचा कागद तेवढा वाचून दाखवा. राघोजींना असा कागद कोणी दिला नव्हता.