पायराझिनामाइड : परीक्षानळीत नापास झालेले औषध
पायराझिनामाइड क्षयजंतूंच्या नेहमीच्या, उदासीन सामूच्या संवर्धनात जवळपास निष्प्रभ असते, सामू 5.5च्या आसपास उतरला की ते काम करू लागते. त्याचा गुण 1952 मध्ये उघड झाला तो उंदरांवरील प्रयोगांमुळे, आणि पुढे याच औषधाने नऊ महिन्यांचे उपचार सहावर आणले. म्हणून जंतूंची वाढ रोखणारी किमान मात्रा तेवढी मोजून एखादे औषध बाद करणे घातक आहे. उंदीरही फसवतात, हा आक्षेप खरा : मॉक्सिफ्लॉक्सासिनने चार महिन्यांत भागेल, ही त्यांच्यावरून बांधलेली आशा 2014 मध्ये रुग्णांवरील चाचणीत फोल ठरली. पण प्रयोगशाळेतल्या सर्वसाधारण उंदरांच्या फुप्फुसात माणसासारख्या मृत गाभ्याच्या गाठी होतच नाहीत. तशा गाठी होणारे वाणही उपलब्ध आहेत; औषध त्या गाभ्यापर्यंत पोचते का, हे त्यांच्यातच तपासले पाहिजे.