गिरणीच्या आवारात आमचं गाव

आजोबा फार मोठ्यानं बोलत. पालीला ओटीवर बसून त्यांनी हाक मारली की खालच्या वाडीत ऐकू जाई. "साच्यांनी कान नेले त्यांचे," आजी म्हणायची. ते मुंबईच्या कापड गिरणीत साचेखात्यात होते; शेकडो माग एकदम धडधडत. तिथं बोलणं ओठांवरून ओळखायचं. ती सवय घरीही सुटली नाही. माझ्या तोंडाकडे टक लावूनच ते माझं ऐकत.

मुंबईला जाणं म्हणजे रत्नागिरीहून बोटीनं भाऊचा धक्का, आणि वळकटी घेऊन थेट लालबागला, गाववाल्यांच्या खोलीत. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागी रातपाळीवाला पाठ टेकायचा. जेवण खानावळवाल्या बाईकडे. आधी काही वर्षं बदली कामगार: गेटावर उभं राहायचं, कुणाचा खाडा असला तर काम. शिमग्याला रजा मिळाली नाही तर चाळीच्या आवारातच मृदंग निघे आणि नमन रंगे. हे सांगताना आजोबा थकत नसत.

गिरणी संपाचं मात्र थोडक्यात उरकत. १८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या हाकेवर सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. आजोबा गावी आले, लावणीला उतरले. ट्रंक मुंबईतच होती, परत जायचं म्हणून. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही.

पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. त्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी, असं १९९१च्या नियमात होतं. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं १९९६मध्ये या जमिनींचा एकत्र विचार मांडला. २००१च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती दुरुस्ती मान्य केली. बागांऐवजी मॉल आणि टॉवर आले. हा अन्याय होता, असंच मी मानतो.

म्हणून काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३च्या जागेवर महापालिकेनं हाती घेतलेल्या वस्त्रोद्योग संग्रहालयाकडे मी आशेनं बघतो. तिथं माग आणि धोटे मांडले जावेत, चिमणी जपली जावी. पण गाववाल्यांची खोलीही हवी, खुंट्यांसकट. खानावळीची चूल हवी. नमन-जाखडीला अंगण हवं, आणि शिमग्यात आमच्या मंडळांना तिथं रीतसर बोलावणं यावं. साचेखात्यात राबलेली काही माणसं आमच्याकडच्या वाड्यांत अजून आहेत. त्यांचं बोलणं त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करायला कुणीतरी या पावसाळ्याआधी यावं. चहापाण्याचं आणि उतरण्याचं आम्ही बघू.