कपाळाच्या कातडीपासून मूलपेशींपर्यंत : त्वचारोपणाचा इतिहास

माणसाची त्वचा आयुष्यभर नव्याने घडत राहते. तिच्या वरच्या भागाला बाह्यत्वचा म्हणतात. बाह्यत्वचेच्या अगदी तळाशी पेशींचा एक थर असतो, तो आधारस्तर. या थरातल्या पेशी विभागतात, त्यांतल्या काही वर सरकतात, केराटिन या प्रथिनाने भरत जातात, मरतात आणि शेवटी कोंड्यासारख्या गळून पडतात. या प्रवासाला साधारण महिनाभर लागतो. गळून गेलेल्या पेशींची भरपाई आधारस्तरातल्या आणि केसांच्या मुळांशी असलेल्या मूलपेशी करतात. मूलपेशींची नेमकी ओळख विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पटली. त्यांच्यावर विसंबून चालणारी शस्त्रक्रिया मात्र फार जुनी आहे. एका जागची कातडी काढून दुसऱ्या जागी लावण्याची विद्या आधी हाताला साधली आणि ती का साधते याचा उलगडा पुष्कळ नंतर झाला.

या विद्येचे प्राचीन वर्णन सुश्रुतसंहितेत सापडते. कापलेल्या नाकाच्या मापाचे झाडाचे पान घ्यावे, त्या मापाने गालाची कातडी सोडवावी, पण ती एका बाजूने गालाला जोडलेलीच ठेवावी आणि खरवडून ताज्या केलेल्या नाकाच्या जागी बसवावी, असा तो विधी आहे. श्वासासाठी नाकपुड्यांत नळ्या ठेवण्याची सूचनाही त्यात आहे. नाक कापणे ही शिक्षा आणि सूडाची रीत असलेल्या काळात या शस्त्रक्रियेची गरज वारंवार पडत असे. पुढे गालाऐवजी कपाळाची कातडी घेण्याची पद्धत रूढ झाली आणि काही घराण्यांत ती बापाकडून मुलाकडे चालत आली.

या पद्धतीची जगभर गाजलेली नोंद पुण्याची आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी तिसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. त्यानंतर, १७९३ च्या सुमारास, पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबईचे थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिलेली होती. चित्रकार जेम्स वेल्स याने जानेवारी १७९४ मध्ये कावसजीचे चित्र काढले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये सगळी हकीकत छापून आली. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव तिच्यात नाही, पण त्याच्या हाताचे काम बारकाईने टिपलेले आहे.

मेणाची पातळ पट्टी नाकाच्या उरलेल्या खुंटावर बसवून तिला नाकाचा आकार देत. मग ती सपाट करून कपाळावर ठेवत आणि तिच्या कडेने रेघ ओढत. रेघेच्या आतली कातडी सोडवून घेत, मात्र दोन्ही डोळ्यांच्या मधली एक अरुंद पट्टी न कापता ठेवत. खुंटावरचा जुना व्रण छिलून त्याच्या मागे चीर पाडत, कपाळावरची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणत आणि तिची कड त्या चिरेत बसवत. टाके नसत. पाण्यात भिजवून मऊ केलेला काथ कापडाच्या पट्ट्यांवर माखून अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक ठेवत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड लावत. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालत आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधली पट्टी कापत.

या विधीतली सर्वांत मोलाची गोष्ट ती अरुंद पट्टी होय. नव्या जागी रक्तवाहिन्या जुळेपर्यंत कातडीला तिच्यातूनच रक्त मिळत राहते, म्हणून आधारस्तर जिवंत राहतो. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी ही हकीकत वाचून १८१४ मध्ये याच पद्धतीने शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तिथून ही पद्धत युरोपभर पसरली. कपाळाची अशी कातडी वापरून नाक दुरुस्त करण्याची रीत प्लास्टिक सर्जरीत आजही चालू आहे.

मुळापासून पूर्ण तोडलेली कातडी दुसरीकडे जगू शकते का, हा पुढचा प्रश्न होता. १८६९ मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात जिनिव्हाचे तरुण शल्यचिकित्सक झाक-लुई रेव्हर्दँ यांनी एका रुग्णाच्या न भरणाऱ्या जखमेवर त्याच्याच बाह्यत्वचेचे बारीक तुकडे अंतराअंतराने ठेवले. ते तुकडे धरले. एवढेच नव्हे, तर खाचरात अंतरावर लावलेली भाताची रोपे फुटवे धरून मधली जागा भरून काढतात, तशी प्रत्येक तुकड्याच्या कडेने नवी त्वचा पसरत गेली. लाइपझिगच्या कार्ल थिअर्श यांनी पुढे पातळ आणि रुंद पट्ट्या काढून लावण्याची रीत रूढ केली. भाजलेल्या रुग्णावर आज केले जाणारे नेहमीचे स्किन ग्राफ्ट याच रीतीतून आले आहे.

पातळ पट्टी काढलेली जागाही दोन आठवड्यांच्या आसपास आपोआप भरून येते. बाह्यत्वचा तर काढून नेलेली असते, मग नवी येते कुठून? पट्टी पातळ असल्यामुळे केसांची मुळे आणि घर्मग्रंथींचे खालचे भाग बाह्यत्वचेखालच्या थरात, म्हणजे अंतस्त्वचेत, तसेच उरतात. तिथल्या पेशी वर येऊन पृष्ठभागावर पसरतात. पट्टी जास्त खोल गेली तर हा साठाही जातो आणि ती जागा व्रणाने आखडून भरते. म्हणजे शल्यचिकित्सकाच्या हाताला नेमकी जाडी ठाऊक झाली होती. त्या जाडीच्या खाली काय शिल्लक राहते हे मात्र अजून कोणी शोधलेले नव्हते.

मोठ्या भाजण्यात रुग्णाची स्वतःची निरोगी कातडीच पुरत नाही. दुसऱ्याची कातडी लावली तर ती आधी धरते आणि काही दिवसांनी गळून पडते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लासगो येथे पीटर मेडावर आणि थॉमस गिब्सन यांनी भाजलेल्या एका स्त्रीला तिच्या भावाची कातडी दोनदा लावली. दुसऱ्या खेपेची कातडी पहिलीपेक्षा लवकर नष्ट झाली. शरीर परक्या ऊतीला ओळखते आणि ती ओळख लक्षात ठेवते, हे त्यातून दिसले. १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणातून सुरू झालेल्या कामासाठी मेडावर यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणूनच त्वचापेढीतली कातडी हे तात्पुरते आच्छादन ठरते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० मध्ये अशी पेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत दान मिळालेली कातडी तिथे जतन केली जाते. ती लावल्याने रुग्णाच्या अंगातले पाणी टिकते, जंतुसंसर्ग आवरतो आणि वेदना कमी होतात. या उसन्या आच्छादनाखाली जीव तगून राहतो, पण कायमची त्वचा रुग्णाच्या स्वतःच्या पेशींतूनच यावी लागते.

त्या पेशी शरीराबाहेर वाढवण्याचा मार्ग अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हॉवर्ड ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत सापडला, आणि तोही उंदराच्या अर्बुदाचा अभ्यास करताना. अर्बुदातल्या काही पेशींच्या वसाहती बाह्यत्वचेसारख्या दिसत होत्या; पण शेजारी तंतुपेशी असतील तरच त्या वाढत. ग्रीन आणि जेम्स राइनवॉल्ड यांनी क्ष-किरणांचा मारा करून विभाजन थांबवलेल्या उंदराच्या ‘३टी३’ तंतुपेशींचा थर बशीत घातला आणि त्यावर माणसाच्या त्वचेच्या पेशी सोडल्या. त्या जोमाने वाढल्या. हा शोध १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७९ मध्ये ग्रीन यांच्या गटाने एका विकराच्या साहाय्याने वाढलेला थर बशीपासून अखंड सोडवून घेतला.

१९८३ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातले पाच आणि सहा वर्षांचे दोन भाऊ भाजले. दोघांच्याही अंगाचा ९५ टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग जळाला होता. बोस्टनमध्ये डॉक्टरांनी त्यांच्या काखेतली दोन चौरस सेंटीमीटर निरोगी कातडी घेतली. तिच्यातून वाढवलेल्या थरांनी प्रत्येकाचे जवळपास निम्मे अंग झाकले गेले आणि दोघेही वाचले.

एवढ्याशा तुकड्यातून इतकी त्वचा कशी निर्माण झाली, याचे उत्तर यान बारांदाँ आणि ग्रीन यांनी १९८७ मध्ये दिले. बशीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. काही थोड्याच विभाजनांनंतर थांबतात, काही मध्यम पल्ल्याच्या असतात, आणि काहींची वंशावळ फार लांबवर चालते. या शेवटच्या गटाला त्यांनी होलोक्लोन असे नाव दिले. १९९० मध्ये जॉर्ज कोटसारेलिस, टुंग-टिएन सन आणि रॉबर्ट लॅव्हकर यांनी उंदराच्या केसाच्या मुळाजवळच्या एका फुगवट्यात फार सावकाश विभागणाऱ्या पेशी दाखवून दिल्या. पातळ पट्टी काढल्यावर केसांच्या मुळांतून त्वचा का येते, याचे कारण आता हाती लागले.

मूलपेशींना काय करायचे हे जनुके ठरवतात, हे याच काळात उलगडत गेले. भ्रूणावरचे आवरण सुरुवातीला एकेरी थराचे असते. त्यातून अनेक थरांची बाह्यत्वचा घडायला पी६३ हे जनुक लागते. १९९९ मध्ये दोन गटांनी हे जनुक नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा ती पिले बाह्यत्वचेविनाच जन्मली आणि लगेच मेली. प्रौढ त्वचेतही हे जनुक मूलपेशींची विभागणी चालू ठेवते. आधारस्तरातल्या पेशी केराटिन ५ आणि १४ बनवतात. वर सरकताना नॉच या संदेशमार्गाच्या प्रभावाने ती जनुके मंदावतात आणि केराटिन १ आणि १० यांची जनुके चालू होतात. ग्रीन यांच्याकडेच शिकलेल्या एलेन फुक्स यांनी १९९१ मध्ये दाखवले, की केराटिन १४ च्या जनुकात बिघाड असला तर आधारस्तर साध्या घर्षणानेही फाटतो आणि अंगावर फोड येतात.

एका जनुकाचा पुरावा तर जनुकाची कल्पना रुळण्याआधीच नोंदला गेला होता. सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबात चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात होते, अंगावर केस विरळ होते आणि उन्हाळ्यात कोरड्या त्वचेमुळे त्यांचे हाल होत. मुलींना हा दोष नसे, पण त्यांच्या मुलांत तो उतरे. ही माहिती चार्ल्स डार्विनपर्यंत पोहोचली आणि त्याने ती आपल्या ग्रंथात नोंदवली. केस, दात आणि घर्मग्रंथी यांचे अंकुर एकाच संदेशावर फुटतात. तो संदेश देणारे ईडीए जनुक १९९६ मध्ये ओळखले गेले. ते क्ष गुणसूत्रावर असल्याने दोष प्रामुख्याने पुरुषांत दिसतो.

पुण्याच्या शस्त्रक्रियेतले एक कोडेही जनुकांनी सोडवले. कपाळाच्या कातडीत केसांच्या रेषेपर्यंतचा भाग आला, तर नाकावर केस उगवतात. जॉन सॉन्डर्स यांच्या प्रयोगांत कोंबडीच्या भ्रूणाच्या पंखावरील बाह्यत्वचेखाली पायाची अंतस्त्वचा ठेवली, तेव्हा पिसांऐवजी खवले आले. जागेची आठवण खालच्या थरात असते, असे त्यातून दिसले. २००६ पासून जॉन रिन आणि हॉवर्ड चँग यांनी माणसाच्या अंतस्त्वचेतल्या तंतुपेशींत ही आठवण शरीरातली जागा ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांच्या रूपाने टिकून असते हे दाखवले. तळहात-तळपायाच्या जाड त्वचेतले केराटिन ९ तयार होण्यामागेही असाच खालून येणारा संदेश असतो.

रोपण, मूलपेशी आणि जनुके हे तिन्ही धागे २०१५ मध्ये जर्मनीतल्या बोखुम इथे एकत्र आले. सीरियातून आलेल्या सात वर्षांच्या मुलाला जन्मतः असा आजार होता, की बाह्यत्वचा खालच्या थराला चिकटून राहत नव्हती. दोष एलएएमबी३ या जनुकात होता. संसर्गानंतर त्याची बहुतेक त्वचा गेली. इटलीतल्या मोदेनाच्या मिकेले दे लुका यांच्या गटाने त्याच्या जांघेजवळची चार चौरस सेंटीमीटर कातडी घेतली, तिच्या पेशींत विषाणूमार्फत निर्दोष जनुक घातले आणि ग्रीन यांच्याच पद्धतीने थर वाढवले. तीन शस्त्रक्रियांत अंगाचा सुमारे ८० टक्के भाग झाकला गेला. मुलगा पुन्हा शाळेत जाऊ लागला. विषाणू प्रत्येक पेशीत गुणसूत्रावर वेगळ्या जागी बसला होता, त्यामुळे प्रत्येक पेशीचा वंश ओळखता येत होता. काही महिन्यांनी बहुतेक वंश संपले आणि थोड्या दीर्घायुषी होलोक्लोन पेशींचीच संतती संपूर्ण त्वचा चालवताना दिसली. २०१७ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

यावरून रोपणाच्या यशाची कसोटी नेमकी ठरली. तुकडा केवढा आहे यापेक्षा त्यात किती मूलपेशी जिवंत पोहोचल्या, यावर त्वचेचे टिकणे अवलंबून असते. पण वाढवलेल्या थरांची मर्यादाही स्पष्ट आहे. त्यांत केस नसतात आणि घर्मग्रंथी नसतात, म्हणून अंगाचा मोठा भाग अशा त्वचेने झाकलेल्या माणसाला उकाडा सहन होत नाही. भ्रूणात हे अवयव बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा यांच्या परस्परसंवादातून घडतात. एकट्या बाह्यत्वचेला ते साधत नाही. २०२० मध्ये कार्ल कोलर यांच्या गटाने बहुक्षम मूलपेशींना भ्रूणातल्या क्रमानेच संदेश दिले, तेव्हा चार-पाच महिन्यांत दोन्ही थरांची आणि केस असलेली मानवी त्वचा बशीत तयार झाली. घाम येणारी त्वचा घडवण्याचे काम अजून प्रयोगशाळांत चालू आहे.